अठ्ठ्याहत्तर किलो वाळू

लक्ष्मीकांतमामांनी सात वर्षं खपून दोन माणसांचं विमान बांधलं, आणि ते पुरं व्हायच्या आधीच त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. विमान चालवायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. दुसरं कुणी चालवत असेल तर शेजारी बसा. वाघोडियाच्या एका कारखान्यात उभा जन्म काढलेल्या मामांनी कशाची हाय खाल्ली नव्हती, पण त्या दिवशी बडोद्याला घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

"मी उडवते, मामा," भाची मालविका म्हणाली. ती विमान चालवायला शिकवणारी. रजा काढून आली.

सावली गावाच्या पुढे एका खासगी धावपट्टीवर चाचण्या सुरू झाल्या. नियम साधा होता: चाचणीत वैमानिकाशिवाय कुणी नाही. शेजारच्या जागेवर वाळूच्या पिशव्या पट्ट्यांनी आवळायच्या आणि दर उड्डाणाला वीस किलो वाढवायचे. एप्रिलच्या अखेरीला वजनाची शेवटची पायरी आली. विमानाचं स्वतःचं वजन, दोन माणसं, मागे सामान आणि भरलेली टाकी धरून पाचशे साठ किलो. कागदावरच्या हिशेबानं विमानाला याहून जास्त झेपणार नव्हतं.

"आता वाळू कशाला?" मामा म्हणाले. "माझं वजन बरोबर अठ्ठ्याहत्तर. मीच बसतो."

"नाही."

"अगं, यातला एकेक रिवेट मी मारलाय. माझा विश्वास आहे."

"माझाही आहे. पण काही बिघडलं तर मला फक्त विमानाकडे बघायचंय, मामा. तुम्ही शेजारी असलात तर मी तुमच्याकडे बघेन."

मामा रुसून बाजूला झाले. आग विझवायचं नळकांडं घेऊन उभ्या असलेल्या चारुलतामामी म्हणाल्या, "चला, पिशव्या बांधा. ऊन चढतंय."

मालविकानं पट्टीच्या मध्यावर लाल बावटा रोवला होता. तिथपर्यंत चाकं उचलली नाहीत तर थांबायचं, हे तिनं आधीच दोघांना सांगून ठेवलं होतं. वीस किलो कमी असताना विमान बावट्याच्या पुष्कळ अलीकडेच उठलं होतं.

आज ते जडच राहिलं. इंजिन पूर्ण जोरात होतं, पण वेग रेंगाळत वाढत होता. बावटा जवळ आला तरी चाकं जमिनीवरच. अजून थोडं, आता उठेलच, असं मालविकाला आतून वाटत होतं. तिनं इंजिनाचा जोर काढून घेतला आणि ब्रेक दाबले. विमान पट्टीच्या आतच थांबलं.

मामा पळत आले. त्यांनी पळायचं नव्हतं.

"का थांबलीस? उठतच होतं ते!"

"बावटा आला, मामा."

"बावटा, बावटा! पुढे अर्धी पट्टी पडली होती!"

मालविका उतरली. तेवढ्यात मामी पोचल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी जळतंय."

मामांनी वास घेतला आणि डाव्या चाकाशी गुडघे टेकले. चाकावरचं फायबरचं आवरण त्यांनी स्वतः घडवलं होतं. एरवी टायर आणि आवरण यांच्यात बोटभर फट असायची. पूर्ण वजनाखाली टायर दबून फुगला होता आणि सबंध धाव आवरणाला घासत गेला होता. रबर खोल खरवडलं होतं, आतले धागे दिसत होते.

"हवे शुं?" मामा पुटपुटले. आता काय, हे त्यांनी गुजरातीत विचारलं; घाबरले की ते गुजरातीत शिरत. मग म्हणाले, "उतरताना फुटला असता."

मालविका वाकून उजव्या चाकाचं आवरण तपासू लागली.

"मी आत असतो ना मालू, तर ओरडलो असतो. उचल, उचल म्हणून."

"माहितेय."

"आणि तू ऐकलं असतंस?"

तिनं विचार केला. "कदाचित ऐकलं असतं," ती म्हणाली.

मामांनी दोन्ही चाकांची आवरणं काढूनच टाकली, टायर बदलले. कुणी न सांगता सगळ्या पिशव्या पुन्हा वजनकाट्यावर चढवल्या. चौथ्या दिवशी सकाळी गारव्यातच मालविका निघाली. बावट्याच्या अलीकडे चाकं सुटली. विमान वर चढलं, पण सावकाश. भरपूर उंची घेतल्यावर तिनं वेग कमी करून पाहिला, हलकी वळणं घेतली, आणि चाळीस मिनिटांनी ती उतरली.

"वागतं छान," ती म्हणाली, "पण चढायला जड आहे. उन्हाच्या कडाक्यात एवढं वजन नको. दोघं असू तेव्हा टाकी अर्धीच भरायची."

मामा वाद घालतील असं मामींना वाटलं होतं. पण त्यांनी वही उघडून ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "अर्धी तर अर्धी," म्हणाले.

उरलेल्या चाचण्या मे संपता संपता झाल्या. मग एका सकाळी वाळू काढून मामा त्या जागेवर बसले. मामींनी त्यांचे पट्टे आवळले, दोनदा ओढून पाहिले. सावली गाव मागे पडल्यावर मालविकानं विचारलं, "थोडा वेळ घेता हातात? मी आहे शेजारी."

मामांनी मान हलवली. "नको. तू चालव. मला नुसतं बसायचंय."