एसेनकुल बॅटरी पितो

बुरुलच्या अंगणात निम्मं गाव लोटलं होतं. मधोमध तिच्या मेलेल्या नवऱ्याची, एसेनकुलची मोटारसायकल उभी, आणि तिच्यापुढे दोरॉनबेक डोळे मिटून चाबूक हलवत घुमत होता. मेलेल्यांशी बोलणारा म्हणून नारीन नदीच्या त्या खोऱ्यात त्याचा मोठा दबदबा.

"एसेनकुल, बास झालं आता! बायकोने उपाशी ठेवलंय का तुला? ये, वास घे आणि जा!"

वास बोरसोकांचा होता. बुरुल दर गुरुवारी मेलेल्यांच्या नावाने ते पिठाचे गोळे तेलात तळायची. वास मेलेले घ्यायचे, गोळे दोरॉनबेक खायचा.

त्याने पांढऱ्या फडक्यातून बॅटरी काढून जोडली. बटण दाबताच गाडी सुरू झाली. बायांनी दुवा म्हणत तोंडावरून हात फिरवले.

"बघितलंत? बॅटरी तीन रात्री माझ्या आजोबांच्या चाबकाखाली होती! वहिनी, आता पुन्हा बंद पडली तर गाडी माझ्या दारात आणून लावा. दुसरा उपाय नाही."

बुरुलने मान हलवली. नवरा गेल्यापासून चार महिन्यांत तिला ना रडू आलं होतं, ना धड भूक लागली होती. ती गावची नर्स. गाडी गेली तर वरच्या कुरणांवर अडलेल्या बायांपर्यंत पोचणार कोण? पण कुरणावरून परतताना गाडी दर वेळी कबरस्तानाशीच मरायची. भांडून, चहा न पिता घराबाहेर पडलेला एसेनकुल नदीत बुडून गेला होता. तो रागावलाय, हे तिला पटलं होतं.

गर्दी पांगल्यावर एकटीच मागे राहिली ती कलीचाबाई, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली.

"बुरुल, उद्या वर जाऊ नकोस. खाली बाजाराच्या रस्त्याने जा. तिकडे कबरी नाहीत."

बुरुल गेली. दीडेक तासाने गाडी पिठाच्या दुकानापुढे मेली. ट्रकमध्ये घालून आणावी लागली.

"एसेनकुलला पीठ हवं होतं का गं?" कलीचाबाईने विचारलं. बुरुल हसली नाही.

बाईने बॅटरी घरी नेऊन स्वयंपाकघरात चार्जरला लावली. सकाळी जोडली, आणि गाडी चाबकाविना सुरू झाली. आवाज ऐकून लोक जमले, दोरॉनबेकही आला. बाईने गाडी बंद करून बॅटरीला मीटर लावला.

"साडेबारा व्होल्ट. आता सुरू करून रेस दे. आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा."

आकडा चढला नाही. बाराकडे घसरला.

"म्हणजे गाडी साठवणीतलं खातेय, भर काहीच पडत नाही. साठा दीड तासाचा. तेवढ्यात तू कुरणावर जाऊन कबरस्तानापर्यंत परत येतेस." तिने इंजिनातून येणाऱ्या तीन तारा सोडवून दोन-दोन करून तपासल्या. "तिन्हींत वीज सारखीच येतेय. मग वाटेत मुरते कुठे?"

त्या तारा पुढे ज्या डबीत जातात, ती दिसेना. बुरुलने गाडीला जाड लोकरी नमद्याची झूल शिवून घट्ट बसवली होती, घोड्याला घालतात तशी. बाईने टाके उसवले. आत खाचांची धातूची डबी होती, तारांची टोकं वितळून काळी पडलेली.

"ही डबी बॅटरीला वीज पाजते. तिला वारा लागतो. तू झूल घातलीस, ती आत भाजून मेली."

"थंडी वाजेल म्हणून," बुरुल म्हणाली. "घोड्याला तो नेहमी घालायचा."

"डबीतच आत्मा शिरला असणार..." दोरॉनबेकने सुरुवात केली.

"दोरॉनबेक, जीपसाठी म्हणून शाळेचा चार्जर नेलात, तो परत कधी करताय?"

लोक हसले. दोरॉनबेक बुटांकडे बघू लागला.

बुरुलने हळूच विचारलं, "म्हणजे तो रागावला नव्हता?"

"ते मला ठाऊक नाही. मीटरला राग मोजता येत नाही. पण बॅटरी त्याने प्यायली नाही, एवढं नक्की."

"आणि कबरस्तानाशी मला थांबवायचा..."

"तो नव्हता गं."

गाडी बंद पडली की ती तिथे बसून त्याच्याशी बोलायची. तेही गेलं. बुरुल अंगणात मटकन खाली बसली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. कुणी तिला उठवलं नाही.

मेलेल्यांवर खापर फोडणं सोपं असतं, ते उलट बोलत नाहीत. म्हणून पुरावा जिवंतांनीच मागायला हवा. बुरुल डोळे पुसून उठली आणि दोरॉनबेकपुढे उभी राहिली.

"यापुढे माझ्या नवऱ्याचं नाव घेतलंत, तर आधी मोजून दाखवायचं."