आमच्याकडेही तसंच

दुपारी दोनच्या हजेरीला रेडिओवर पाच नंबरच्या चौकीचा आवाज आला, "आमची घळ कोरडी. चिखल नाही."

पुढचा नंबर आन्सेल्मोचा. ज्वालामुखीच्या उतारावरचे हे पहारेकरी. वर पाऊस झाला की राखेचा चिखल घळीतून खाली सुटतो, त्यावर नजर ठेवायची. आन्सेल्मो त्या वेळी गोठ्यात धार काढत होता. कड्यावर गेला असता तरी धुक्यात काही दिसलं नसतं. पण 'दिसत नाही' म्हटलं की साऱ्या डोंगरभर खिदळणं, "म्हातारबा, चष्मा घ्या!" मागच्या महिन्यात ते ऐकून त्याचे कान तापले होते. त्यानं बटण दाबलं आणि ठोकून दिलं, "सहा नंबर. आमच्याकडेही तसंच."

सात नंबरच्या कड्यावरही तेच धुकं; तोही तेच म्हणाला.

खाली गावातल्या नियंत्रण कक्षात नार्सिसा सगळीकडची माहिती एकत्र करून रस्ता चालू ठेवायचा की बंद, ते ठरवायची. पर्जन्यमापक वर धो धो पाऊस दाखवत होते. घळींतली यंत्रं थरथर सांगत होती; पण ती विजांच्या गडगडाटानंही थरथरत. तिघं पहारेकरी एकच सांगतात म्हटल्यावर तिनं रस्ता चालू ठेवला. वीस मिनिटांत सहा नंबरच्याच घळीतून लोंढा आला आणि लिसार्दोचा दुधाचा ट्रक घेऊन गेला. लिसार्दो वाचला, पाय गेला. आन्सेल्मोच्या लेकीचा तो बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, घरचाच माणूस.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. इंजिनियर कडाडला, "दोन-दोन यंत्रणा बोंबलत होत्या, बाई! झोपला होतात काय?"

"तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, साहेब," नार्सिसा म्हणाली. "आन्सेल्मोकाका तर वीस वर्षं त्या कड्यावर आहेत. त्यांच्यापेक्षा यंत्राला खरं मानू?"

आन्सेल्मोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तोंडं तीन होती, पाहणारा एकटा पाच नंबर, आणि त्यानंही पाहिली ती त्याची घळ. हे एवढं सांगायला उभं राहायचं होतं. तो बुटांकडे बघत बसला. नार्सिसाला त्यांनी कामावरून काढलं. जाताना तिनं त्याच्याच खांद्यावर हात ठेवला, "मनाला लावून घेऊ नका, काका."

तिथून तो इस्पितळात गेला. बटाट्याचं सार नेलं होतं, ते हातातच राहिलं. लिसार्दो पडल्या पडल्या म्हणाला, "तुझ्या घळीखालच्या ओढ्यापाशी थांबलो होतो रे मी. तुझ्या बाजूला धुकं दिसत होतं, मन घेईना. गाडीत तुमच्या हजेरीचा रेडिओ चालू होता. तुझा आवाज आला. म्हटलं, हा म्हणतोय ना, मग घाल गाडी."

"मी कड्यावर गेलोच नव्हतो," आन्सेल्मो म्हणाला. "पाच नंबरचं ऐकलं आणि तेच बोललो. हसतील म्हणून."

लिसार्दोनं उशीवरून मान उचलली.

"आणि ती कक्षातली पोरगी?"

"तिला काढलं."

"तू तिथं होतास?"

"होतो."

लिसार्दोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "ते सार घेऊन जा," तो म्हणाला.

आन्सेल्मो व्हरांड्यात आला. त्यानं कमरेचा रेडिओ काढला, बटण दाबलं आणि हजेरीची वेळ नसताना, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं बोलायला लागला, "सहा नंबर बोलतोय. काल मी काहीही पाहिलं नव्हतं."