जिथे आवाज पोहोचत नाही

एअर रायफलचा तो छर्रा कमरेत आवळलेला होता, डमरूसारखा; आनंदीबाईंच्या तळहातावरच्या रेघेत तो जाऊन बसला तरी त्याचे वजन जाणवले नाही. एवढ्याशा शिशासाठी… सासऱ्यांनी, सीतारामपंतांनी, नारायण पेठेत शाळा काढली, त्यांच्या यज्ञेश्वरांनी ती वाढवली, यज्ञेश्वरांचा आमोद तिचा उंबरा ओलांडून खराडीत संगणकापुढे जाऊन बसला, आणि आमोदची ही वल्लरी, सतरा वर्षांची, चिलखतासारखे कडक जाकीट चढवून दहा मीटरवरच्या एका ठिपक्यापुढे उभी होती. बोलून बोलून मोठ्या झालेल्या घरातली ही पहिली, जिला गप्प उभे राहण्याचे पदक हवे होते.

“आजी, द्या तो इकडे. शिसं आहे, हात धुवा नंतर,” आम्रपाली म्हणाली.

“पाटीवरच्या पेन्सिली खाऊन मोठे झालो आम्ही,” आनंदीबाई म्हणाल्या. पण छर्रा दिला.

कोथरूडमधल्या त्या तळघरातल्या नेमबाजीच्या रेंजवर आज त्यांना खास बोलावणे होते. आम्रपालीने स्वतः फोन केला होता. ही मुलगी नेमबाजांच्या मनाची तयारी करून घेते, असे आमोदने सांगितले तेव्हा, “त्यासाठी घरात मी आहे, बाहेरून कशाला माणूस आणता?” असे त्यांनी विचारले होते, परंतु फोनवर ती अदबीने म्हणाली, “आपण आलात तर फार मदत होईल.” म्हणून इरकलीची घडी मोडून त्या आल्या. रविवारी निवड चाचणी, या वर्षातली शेवटची. मुलीला धीराचे दोन शब्द हवे असणार… वल्लरीच्या बरोबर मागे, चार हातांवर मांडलेली खुर्ची पाहून मान राखल्याचे समाधानही वाटले.

“काय बोलू?”

“नेहमीसारखंच,” आम्रपाली म्हणाली. “पण ती नेम धरेल तेव्हाच.”

“भलतंच! लक्ष नाही का जाणार तिचं?”

“त्यासाठीच बोलावलंय, आजी.”

शेजारी बसलेला आमोद फरशीकडे पाहू लागला. मग आम्रपालीने, आवाज न चढवता, न हसता, सांगितले: स्पर्धेत कोणत्या आवाजाची भीती वाटते, हे ती प्रत्येक मुलीकडून लिहून घेते. कोणी टाळ्या लिहिते, कोणी शेजारणीच्या रायफलचा फटका. वल्लरीने दोनच शब्द लिहिले होते. आजीचा आवाज.

उठून जावे, असे पहिल्यांदा वाटले. बावीस वर्षे मुख्याध्यापिका होते मी, माझ्या एका हाकेवर तीन मजले गप्प होत… आणि त्याच हाकेने मागच्या चाचणीत, शेवटची गोळी उरली असताना, प्रेक्षकांतून मी म्हणाले होते, “वल्लरी, खांदा!” — एवढेच, तिच्या भल्यासाठी — आणि पडद्यावर १०.९ पैकी ८.२ उमटले, संघातली जागा गेली, आणि घरी येताना मीच म्हणाले, खांदा सांभाळला असतास तर. पोरगी खिडकीबाहेर पाहत राहिली होती.

त्या उठल्या नाहीत.

प्रत्येक गोळीला पन्नास सेकंद. रायफल वर गेली. “खांदा, वल्लरी,” आनंदीबाई म्हणाल्या. ८.९. पुन्हा रायफल वर. “श्वास कोंडतेस तू.” गोळी न झाडताच रायफल खाली आली. “उचललेलं असं खाली ठेवतात का?” — हे नाटक नव्हते, खरोखरच तोंडून निघाले. रायफल पुन्हा वर जाईपर्यंत वेळ संपली. पडद्यावर शून्य. मुलीची मान कानशिलांपर्यंत लाल झाली.

“पुरे झालं हे,” आनंदीबाई पुटपुटल्या.

“थांबू नकोस, आई,” आमोद म्हणाला. “तिला हवंय ते.”

त्या बोलत राहिल्या. आठवी गोळी असेल, नववी असेल… “कोपर बघ, कोपर!” त्या म्हणाल्या, आणि त्यांना काहीतरी निराळे दिसले. आपल्या आवाजाने मूल कसे आक्रसते, हे त्या पाठमोऱ्या मुलावरूनही ओळखत. मानेवरची एक शीर ताठते. ती शीर ताठली नाही. आवाज मुलीपर्यंत गेला, तिने तो ऐकलाही, आणि रस्त्यातल्या माणसाला वाट द्यावी तसा पुढे जाऊ दिला. रायफल खाली आली — घाई नाही, लाज नाही. एक श्वास. रायफल पुन्हा वर. “वेळ जातोय!” आनंदीबाई ओरडल्या, अगदी मधल्या सुट्टीनंतरच्या जिन्यावर ओरडत तशा, आणि त्या ओरडण्याच्या मधोमध, एखाद्या गाभाऱ्यात उभी असावी तशी ती मुलगी उभी होती. दार लावलेले नव्हते. दार सताड उघडे होते, आणि तरीही मला आत जाता येत नव्हते.

१०.८.

आनंदीबाईंच्या अंगावर काटा आला. हजारो मुले मी गप्प बसवली. शांत झालेले मूल मी आज पाहिले. कुठून आणले हिने हे?

आम्रपालीने हात वर केला. “आजी, आता विश्रांती. वल्लरी, तुझं चालू दे.”

तळघरात फक्त फटक्यांचे बारीक आवाज उरले, आणि त्या शांततेत, कोणी न बोलावता, एक निळी अर्धी चड्डी व्यासपीठावर येऊन उभी राहिली… पाठांतर स्पर्धा. आमोद नऊ वर्षांचा. ओळ विसरणाऱ्याला पूर्ण एक मिनिट द्यायचे, असा नियम मीच केला होता, आणि घड्याळ माझ्याच हाती होते. सगळ्यांना मिनिट दिले. आमोद अडखळला आणि, घरचा म्हणून सवलत नको, मी दहा सेकंदांत म्हणाले, “पुढचा.” नंतर सदतीस वर्षे त्याची वाक्ये मीच पुरी करत आले, जेवताना, फोनवर, यज्ञेश्वर गेले तेव्हा दवाखान्यातसुद्धा.

“आमोद,” त्या म्हणाल्या, “त्या पाठांतराच्या दिवशी मी तुझं मिनिट कापलं. चूक माझी होती.”

आमोदने मान वळवली.

“आई, मला तेव्हा…” तो म्हणाला, आणि थांबला.

शब्द आनंदीबाईंच्या जिभेवर तयार होता — राग आला. किंवा, लाज वाटली. त्यांनी तो तिथेच राहू दिला. आमोदचे ओठ हलले, मिटले. त्याची बोटे गुडघ्यावर होती. यज्ञेश्वरांसारखीच लांब आहेत, हे कधी पाहिलेच नव्हते… वीस सेकंद. तीस. बोलण्याची ऊर्मी घशाशी येई आणि परत जाई. पन्नास. साठ.

मिनिट पूर्ण झाले. त्या बोलल्या नाहीत. हा काय म्हणेल हे मला ठाऊक नव्हते. माझ्या पोटच्या मुलाचे पुढचे वाक्य मला ठाऊक नव्हते, आणि त्या ठाऊक नसण्याला कुठे काठच दिसत नव्हता.