ओढ्याकाठचे उंबर

सुलेखाबाईंनी अकरावे उंबर मधोमध कापले आणि भिंगाखाली धरले. आत तेच. फिकट, कोरडे, रिकामे. झाडाखाली कच्च्या फळांचा सडा पडला होता. सोनाजीच्या शेळ्या आल्या आणि फळे नुसती हुंगून पुढे गेल्या.

"यंदा गोडी नाय वाटतं," सोनाजी म्हणाला.

बाई वर बघत होत्या. मे महिन्यात या झाडावर पाखरांचा नुसता गलका असायचा. आज फांद्यांवर एकही पाखरू नव्हते.

संभाजीनगरच्या कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या सुलेखाबाई बावीस वर्षे दर पंधरवड्याला फर्दापूरजवळच्या या ओढ्यावर येत होत्या. त्यांचा विषय एवढाच: हे उंबर आणि त्याच्या फळातले तिळाहून लहान चिलट. उंबराची फुले फळाच्या आत असतात. चिलट बारीक छिद्रातून आत शिरते, फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. त्याच्या लेकी पराग घेऊन बाहेर पडतात. दुसरे फळ गाठायला त्यांना जेमतेम एक दिवस मिळतो. चिलट शिरले नाही, तर फळ कच्चेच गळते.

ओढ्यावर पूर्वी चार उंबरे होती. रस्ता रुंद झाला तेव्हा तीन गेली. चौथे सोनाजीने राखले. धनगराला पाल्याची गरज रोजची, पण या झाडाची डहाळी त्याने कधी तोडली नाही. फळांची नोंद ठेवायला बाईंनी फांद्यांना बांधलेले रंगीत दोरेही तोच सांभाळायचा.

त्याची बायको बानाबाई चहाची किटली घेऊन आली.

"काय म्हणतंय झाड, बाई? आमच्या म्हाताऱ्यानं लेकरावानी जपलंय. त्याच्या निम्मं मला जपलं असतं, तर माझे गुडघे गेले नसते."

"गप गं."

"खोटं बोलते व्हय मी? गेल्या महिन्यात लेकाचा, अजिनाथाचा पंप पाठीला बांधून म्हातारा वर चढला! त्याच्या कपाशीचं औषध उरलं होतं, ते शेंड्यापर्यंत मारलं."

बाईंचा चाकू थांबला.

"कशासाठी, मामा?"

"तुम्ही मार्चात शाळेची पोरं आणली होती बघा. एका पोरीनं मलाबी भिंग दिलं. उंबरात चिलटं असत्यात, ते ठावं हाय मला. पण असली मोठमोठाली? नुसती वळवळ! म्हटलं, बाईचं झाड किडलं. दोनदा फवारलं. एक बी राह्यलं नाय आता."

तो समाधानाने हसला.

त्या दिवशी पोरे पुढे बसली होती आणि सोनाजी मागे, शेळ्यांपाशी उभा होता. बाईंनी पोरांना सगळे समजावून सांगितले होते. सोनाजीला बावीस वर्षांत दोरे दिले, पुढच्या फेरीच्या तारखा दिल्या. फळाच्या आत काय चालते, ते एकदाही सांगितले नव्हते.

त्यांनी त्याला शेजारी बसवले, भिंग दिले आणि पोरांना सांगितले होते तसेच पहिल्यापासून सांगितले. सोनाजी बराच वेळ रिकाम्या फळात बघत राहिला.

"म्हंजी म्याच..." त्याने भिंग खाली ठेवले. "पुन्हा येत्याल का?"

"वाऱ्यावर येतात. पण जवळपास दुसरे उंबर हवे."

"सोयगावच्या अंगाला हाय एक."

"लांब आहे, मामा."

ऑगस्टमध्ये झाडाला नवी फळे धरली. बाई आल्या तेव्हा सोनाजी नव्हता. "परवाधरनं गेलाय. पायीच," बानाबाई म्हणाली.

दुपारी तो ओढा उतरून आला. डोके उघडे होते. ओल्या पटक्यात त्याने पिकायला आलेल्या उंबरांची एक फांदी लेकरासारखी गुंडाळून आणली होती. त्याने ती झाडाला बांधली. दोघे बघत राहिले. एका फळाच्या तोंडाशी काळा ठिपका हलला. मग दुसरा.

"आली," बाई हलकेच म्हणाल्या.

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या वावरात घरघर सुरू झाली. कोणीतरी कपाशीवर फवारणी करत होते. वारा तिकडून इकडेच येत होता. उग्र वास आला.

"ए दादा! थांब रं!" सोनाजी ओरडला. पंपाच्या आवाजात माणसाला ऐकू गेले नाही. बाई ओढ्याकडे धावल्या.

सोनाजीने ओला पटका उलगडला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि वाऱ्याकडे तोंड करून त्या फांदीपुढे उभा राहिला.