चारला रुसणारा रिमोट

मी जिनत. लोकांच्या घरी होम थिएटर बसवते, बिघडलं तर दुरुस्तही करते. महिन्याभरात खराडीच्या एकाच घरून तिसरी तक्रार आली, तेव्हा आमचे मच्छिंद्र सर म्हणाले, "आज फॉल्ट सापडला नाही, तर उद्यापासून ऑफिसात बसून फोन घ्यायचे." दहा वर्षं शिडीवर चढून वायरी ओढल्या, त्या काय यासाठी? डोकं नुसतं तापलं होतं.

आधीच्या दोन्ही खेपांना मी सकाळी गेले होते आणि रिमोट गुणी बाळासारखा चालला होता. तक्रार मात्र नेहमी चारनंतरची, म्हणून या वेळी चारला गेले. दार बद्रीनाथकाकांनी उघडलं. रिटायर्ड माणूस, तोंड तिखट.

"या. तुमचा रिमोट सोवळ्यात आहे. हात लावू देत नाही."

थिएटरच्या खोलीत जाऊन मी रिमोटच्या टचस्क्रीनवर बोट टेकवलं. ढिम्म. बॅटरी भरलेली, वायफाय ठीक, बंद करून चालू केला तरी तेच.

"पाचला तुमच्या साहेबांना फोन लावतोय," काका म्हणाले आणि हॉलमध्ये जाऊन बसले.

लॅपटॉप जोडून रिमोटची हिस्ट्री काढली. आज तीन अठ्ठावन्नला लॉक. काल तीन सत्तावन्नला लॉक. परवा तेच. सगळं एकाच फोनवरून, आणि फोनचं नाव द्वारका. म्हणजे काकू. नातवंडं आली की रिमोट बंद करता यावा म्हणून हे लॉक मीच त्यांना शिकवलं होतं.

काकू चहाचा ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. स्वतःचं नाव बघून त्यांचा चेहरा उतरला.

"सांगू नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या. "चारला हे या खोलीचं दार लावून आत बसतात, ते नऊला जेवायलाच बाहेर. रिमोट बंद पडला की स्वयंपाकघरात येतात. शिव्या रिमोटलाच घालतात, पण माझ्यासमोर बसून घालतात."

मला वाईट वाटलं आणि संतापही आला. माझ्या पोटावर पाय देऊन यांच्या गप्पा!

"सापडलं का काही?" काका दारात आले.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "वाचा."

काका एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेले. कशाला दाखवलं, असं झालं मला.

"महिनाभर?" त्यांनी काकूंना विचारलं.

"सव्वीस दिवस. रविवारी नाही केलं. रविवारी तुमची मॅच असते."

काकांनी माझा सर्व्हिसचा फॉर्म ओढून त्यावर 'रिमोट ठीक आहे' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"हे लॉक मला काढता येतं?"

"येतं की. एका मिनिटात शिकवते."

"नको," ते म्हणाले, आणि काकूंच्या हातातला ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले.