कापश्याचे दात

आमच्या शेजारचे वसंतराव धाराशिवच्या तहसिलीत कारकून. निजामी गेली, मुंबई राज्य आलं, पण घरातलं हैदराबादी सागवानी टेबल होतं तिथंच राहिलं. पाहुण्याला आधी टेबल, मग पाणी. त्यांच्या प्रेमलाबाईंनी सोलापूरच्या बाजारातून पांढरा ससा आणला, कापश्या. त्यानं टेबलाचे पाय कुरतडायला घेतले, तेव्हाच या घरात टेबलच जिंकणार असा अंदाज मी बांधून ठेवला. वसंतरावांनी चारी पायांना पत्रा ठोकला. दोन महिने माझा अंदाज खरा वाटत होता.

मग कापश्यानं खाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी प्रेमलाबाई त्याला पदरात घेऊन आमच्या ओट्यावर आल्या.

"तात्या, बघा हो. गवत तोंडाशी नेतोय न् पाडतोय. असंच चाललं तर जगायचा न्हाई."

मी सशाचा ओठ वर केला. खालचे दोन दात नाकाला टेकायला निघालेले.

शेळीचं दूध घालायला आलेला गोरोबा वाकला. "लई म्हातारं झालंय, बाई. शेळीचे दात असे लांबले की तिचं सरलं."

"अहो, दोन वर्षांचा न्हाई अजून!"

"मग इकणाऱ्यानं फशिवलं तुमास्नी. तोंड बघितल्याबिगर जनावर घेत्यात व्हय?"

शेवटी वसंतराव, प्रेमलाबाई आणि मी असे तिघं ससा घेऊन ढोरांच्या दवाखान्यात गेलो. तिथली हत्यारं बैलाच्या मापाची. डॉक्टर शिवलिंगप्पांनी एक चिमटा उचलला, सशाकडं पाहिलं आणि परत ठेवला.

"उपटायचे का घासायचे, ते तुम्ही ठरवा. मुळं खोल असतात. उपटताना जबडा मोडू शकतो. घासले तर परत वाढणार."

"उपटा," वसंतराव म्हणाले. "दर महिन्याला रजेचा अर्ज कोण लिहिणार?"

"तुमची दाढ किडली तेव्हा सहा महिने लवंग धरून बसलात," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तेव्हा न्हाई सुचलं उपटायचं?"

मला वेगळंच कोडं पडलं होतं. "डॉक्टर, आमचे दात पडतात. याचे वाढतात कसे?"

"सशाचे जन्मभर वाढतात. कुरतडून झिजतात. हा काय कुरतडतो?"

"आता काहीच नाही," वसंतराव ऐटीत म्हणाले. "मी चारी पायांना पत्रा ठोक..."

वाक्य तिथंच राहिलं. प्रेमलाबाईंनी ससा उचलून वसंतरावांच्या हातात दिला.

"घासा," ते म्हणाले.

सोनाराकडची बारीक कानस मागवली. प्रेमलाबाईंनी डोकं धरलं, वसंतरावांनी पाय. संध्याकाळी कापश्यानं मेथीची काडी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून वसंतराव ऑफिसातून येताना बाभळीची, बोरीची, लिंबाची फांदी आणू लागले. कापश्या प्रत्येक फांदी हुंगायचा आणि पत्र्यापाशी जाऊन बसायचा. आठवडाभर हे चाललं. रविवारी पलीकडून खिळे उपसल्याचा आवाज आला, म्हणून मी डोकावलो.

"मागचा डावा पाय फक्त," वसंतराव मान वर न करता म्हणाले. "भिंतीकडचा आहे. कुणाला दिसत नाही."

परवा त्यांच्याकडं पाहुणे आले होते. वसंतरावांनी त्यांना टेबल दाखवलं नाही. कापश्याला मांडीवर घेतलं, ओठ वर केला आणि म्हणाले, "बघा, कसे मापात आलेत!"

पाणी मात्र त्यानंतरच विचारलं.