अजिनाथरावांचा लढाईतला कॅमेरा

मित्रांनो, घोडेगावात अजिनाथरावांच्या कांद्याच्या चाळीत खुंटीला जो काळा, पोचे आलेला डबा लटकतो, तो मी. जुना सिनेमा-कॅमेरा. सेल नाही, चार्जर नाही. चावी भरली की अर्धा मिनिट घरघरायचं आणि गप्प बसायचं, असा माझा स्वभाव.

जन्म परदेशी कारखान्यातला, पण नोकरी आपल्या फौजेत. एकाहत्तरच्या लढाईत फौजेचे कॅमेरामन म्हणून अजिनाथरावांनी मला डोळ्याला लावलं. हट्ट एकच, जवानांचे चेहरे दिसले पाहिजेत. चेहरे दिसतात पुढून! सगळे शत्रूकडे तोंड करून धावायचे, म्हणून हा गडी त्यांच्याही पुढे, उलटा, शत्रूकडे पाठ करून. सुभेदार ओरडायचे, "आरं येड्या, दुश्मन तिकडं हाय!" मध्येच माझी चावी संपली की हे म्हणायचे, "थांबा जरा, चावी भरतो." दोन्हीकडचं कुणीही थांबायचं नाही. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटायचा.

पुढे फौजेनं मला मोडीत काढलं, तेव्हा त्यांनीच मला विकत घेऊन घरी आणलं. मग फिल्म मिळेनाशी झाली आणि मी खुंटीवर गेलो. उंदरांनी माझं चामडी कव्हर खाल्लं. त्याचं दुःख आहेच.

यंदा शाळेतल्या सविताबाईंनी माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. प्रत्येकानं स्वतःचा लढाईतला फोटो आणायचा, तो मोठा करून शाळेच्या भिंतीवर लागणार. फौजेच्या लंगरात डाळ शिजवणाऱ्या बिभीषणाचाही बंदूक धरलेला फोटो निघाला. अजिनाथरावांनी दोन ट्रंका उपसल्या. एकही नाही! त्यांची बायको लंकाबाई म्हणाली, "अवं, पन्नास वर्सं ऐकतीय. खरंच गेल्ता का लढाईला?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सत्काराला ते मलाच घेऊन गेले. पोरांनी विचारलं, "आजोबा, तुमी लढाईत काय केलं?"

त्यांनी चावी भरली. "पळा माझ्या अंगावर!"

चाळीस पोरं आरोळ्या ठोकत सुटली आणि शहात्तर वर्षांचा म्हातारा त्यांच्यापुढे उलटा पळू लागला. माझ्या पोटात फिल्म नव्हती, तरी मी जीव तोडून घरघरलो. मागे झेंड्याचा ओटा होता.

"अवं, मागं बघा!" लंकाबाई किंचाळली.

"मागं बघितलं तर चेहरे जात्यात!" म्हणत ते ओट्यावर आपटले. मला तेवढं वर धरलं.

ओट्यामागं उभ्या सविताबाईंनी त्याआधीच मोबाईलवर फोटो काढला होता. चाळीस चेहरे लख्ख आले होते, आणि अजिनाथरावांची नुसती पाठ.

"पुन्हा काढते. यात तुमचा चेहराच नाही."

लंकाबाई नवऱ्याच्या सदऱ्याची धूळ झटकत होती. ती म्हणाली, "नगं बाई. ह्योच लावा. आसंच गेल्ते हे लढाईला."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडकं फिरवा. आणि कुठलाही फोटो बघाल, तेव्हा तो कुणी काढला, एवढं विचारत जा.